पीएच.डी. करून कोणते दिवे लावायचे?

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली मुलगी जेवताना सहज म्हणते, ‘बाबा, मी पीएच.डी.ला नाव नोंदवायचं म्हणते आहे. मॅनेजमेंटमध्ये.’ क्षणभर कोणी बोलत नाही. मग आजी विचारते, ‘म्हणजे दवाखाना टाकशील का गं?’ सगळे हसतात. वडील मात्र हसत नाहीत. वेकोलित पंचवीस वर्षे काढलेला तो माणूस मनातल्या मनात हिशेब मांडत असतो. एम.बी.ए. झाले, त्यासाठी काढलेले कर्ज आता कुठे फिटत आले. आणखी पाच-सहा वर्षे? आणि पुढे काय? आईचा हिशेब वेगळाच असतो. तो ती बोलून दाखवत नाही.

हे घर चंद्रपूरचे असेल, बल्लारपूरचे असेल, ब्रह्मपुरीचे किंवा देसाईगंजचे असेल. गेल्या काही वर्षांत या दोन जिल्ह्यांतल्या अनेक घरांत हे संभाषण घडते आहे. मुलगी नसेल तर मुलगा, मुलगा नसेल तर बँकेत अधिकारी असलेला जावई किंवा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी सून. प्रश्न तोच असतो. व्यवस्थापनातली डॉक्टरेट घ्यावी का, घेतली तर कोणती, आणि कशासाठी?

हा ‘कशासाठी’ एकदा विधिमंडळातही विचारला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीची चर्चा चालू होती. तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवार यांनी विधान परिषदेत, ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा आशयाचे उद्गार काढले. राज्यभर त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण राग ओसरल्यावर प्रश्न उरतोच. दिव्यांचा विषय चंद्रपूरकरांना नवा नाही. इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राज्यभरचे दिवे लावण्यासाठी जे शहर राख आणि धूर सोसते, तिथल्या आईबापांना हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, की आमच्या लेकीच्या पदवीने उजेड पडेल तो कोणाच्या अंगणात?

पदवीचे नाव आणि तिचे गाव

व्यवसाय व्यवस्थापनातील डॉक्टरेट हे तसे शंभर वर्षांचे प्रकरण. शिकागो विद्यापीठाने या विषयात पीएच.डी.चा अभ्यासक्रम १९२० साली सुरू केला. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने कित्येक दशके ‘डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे डीबीए ही पदवी दिली आणि अलीकडे तिच्या जागी पीएच.डी. आणली. आपल्याकडे भारतीय व्यवस्थापन संस्थांना, म्हणजे आयआयएमना, पूर्वी पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. तिथे संशोधन पूर्ण करणारा ‘फेलो’ म्हणवला जाई. २०१७ च्या कायद्याने तो अधिकार मिळाला आणि या संस्थाही पीएच.डी. देऊ लागल्या.

या दोन पदव्यांत नावापलीकडचा फरक आहे. पीएच.डी. माणसाला ज्ञानात भर घालायला शिकवते. तिचा रोख अध्यापन आणि संशोधनाकडे. डीबीए मुख्यतः अनुभवी अधिकाऱ्यासाठी किंवा उद्योजकासाठी. रोजच्या कामातली एखादी गाठ संशोधनाच्या शिस्तीने सोडवायची, हा तिचा हेतू. दोन्ही हेतू चांगलेच आहेत. मात्र एकीच्या अपेक्षेने दुसरी घेतली की फसगत होते.

आपल्या भागातल्या उमेदवारापुढे आज साधारण तीन वाटा आहेत. पहिली, आपले विद्यापीठ. २०११ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली नागपूर विद्यापीठाच्या अखत्यारीत होते. सिरोंच्याच्या मुलाला मार्गदर्शकाची एक सही घ्यायची तर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून नागपूर गाठावे लागे. साहेब रजेवर असले की तसेच परत. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याच्याकडे आली. वाणिज्य व व्यवस्थापन ही तिथली एक विद्याशाखा. दुसरी वाट नागपूरच्या आयआयएमची. २०१५ साली सुरू झालेली ही संस्था आता मिहानमध्ये स्वतःच्या जागेत आहे. तिथे प्रवेशाची चाळणी बारीक, पण शिस्त आणि साधने भक्कम. तिसरी वाट आहे मोबाईलवर रोज येणाऱ्या जाहिरातींची. घरबसल्या, नोकरी सांभाळून, अमुक महिन्यांत परदेशी विद्यापीठाची डीबीए. तिसऱ्या वाटेबद्दल पुढे बोलूच.

नियम काय सांगतात

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम लागू केले. घरातल्या चर्चेसाठी त्यातल्या चार-पाच गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. अभ्यासक्रमाची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत, म्हणजे एकूण मर्यादा दहा वर्षे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ पीएच.डी.ची मुभा आहे, पण कार्यालयाचे ना-हरकत पत्र हवे. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. मात्र नाही.

मार्गदर्शकावरही मर्यादा आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी. यात एक मेख आहे. ज्या महाविद्यालयात कायम प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत, तिथे मार्गदर्शकच नसतो आणि मग ‘पेट’ उत्तीर्ण होऊनही विद्यार्थी ताटकळत राहतो. शिक्षकभरती रखडली की झळ वर्गाला बसते हे आपण जाणतो. ती संशोधनालाही बसते, हे फारसे कोणी बोलत नाही.

आता नोकरीचे. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची होणार, अशी हवा मध्यंतरी होती. त्या धास्तीने कित्येकांनी घाईघाईने नोंदणी केली. पण जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान अट ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. पुढच्या बढतीच्या पायऱ्यांवर ती लागते, हे खरे. म्हणजे केवळ नोकरीच्या दारात उभे राहण्यासाठी सहा वर्षे घालवणार असाल, तर आधी सेटचा अभ्यास करणे शहाणपणाचे.

पैशाचे गणितही मोकळेपणाने मांडायला हवे. जेआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. पण यातल्या संशोधकांना रक्कम वेळेवर मिळावी म्हणून पुण्यात आणि मुंबईत आंदोलने करावी लागली, हेही आपण वाचले आहे. घरचे भाडे अधिछात्रवृत्तीच्या तारखेची वाट पाहत नाही. तेव्हा पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी धरूनच नोंदणी करावी.

प्रश्नांचे जंगल

हे सारे झाले बाहेरचे. आतला मुद्दा वेगळा आहे. व्यवस्थापनातले प्रबंध चाळले की एकाच साच्यातले कितीतरी दिसतात. अमुक शहरातील ग्राहकांचे समाधान, तमुक बँकेतील कर्मचाऱ्यांची मनोवृत्ती. शंभर-दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारी काढायची आणि शेवटी ‘प्रशिक्षणाची गरज आहे’ असा निष्कर्ष लिहायचा. हा निष्कर्ष तर पहिल्या दिवशीही माहीत होता! अशा प्रबंधासाठी चंद्रपूरला जन्म घेण्याची गरज नाही. तो कुठेही लिहिता येतो आणि कुठेही धूळ खातो.

उलट या दोन जिल्ह्यांत व्यवस्थापनाचे असे प्रश्न पडले आहेत की मुंबईच्या अभ्यासकाला ते सुचायचेही नाहीत. मे महिन्यात पहाटे उठून घरातली सगळी माणसे तेंदूपत्ता तोडायला जातात. दुपारी पुडके बांधतात, संध्याकाळी मोजून देतात. वर्षभराच्या रोख कमाईचा मोठा भाग त्या मोजक्या दिवसांत येतो. पूर्वी सगळा व्यवहार वनखाते आणि ठेकेदार यांच्यात होई. पेसा कायद्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. आता ग्रामसभेला भाव ठरवायचा आहे, करार वाचायचा आहे, ठेकेदाराने पैसे बुडवले तर वसूल करायचे आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला. शेजारच्या दहा ग्रामसभांनी एकत्र लिलाव केला तर भाव वाढतो का? किती? जास्त भाव देणारा ठेकेदार घ्यावा की वेळेवर पैसे देणारा? व्यवस्थापनशास्त्राची पाठ्यपुस्तके ज्याला सौदाशक्ती आणि जोखीम म्हणतात, ते सगळे इथे एका झाडाखालच्या बैठकीत हजर असते.

तीच गोष्ट कोळशाची. आज ना उद्या कोळसा मागे पडणार असेल, तर घुग्घुस, माजरी, दुर्गापूर या गावांची बाजारपेठ कशावर उभी राहील? एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचा उपसा २०२१ पासून जोरात सुरू झाला, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला त्यावर आधारित कारखाना उभा राहतो आहे. तिथे स्थानिक मुलाला कोणते काम मिळते आणि दहा वर्षांनी तो कोणत्या पदावर असेल? ताडोब्याला आलेला पर्यटक खर्च करतो त्या प्रत्येक रुपयातले किती पैसे मोहर्लीत राहतात आणि किती नागपूर-मुंबईला परत जातात? वाघाच्या शेजारी राहण्याची किंमत मोजणाऱ्या गावाला त्या वाघाच्या कमाईत वाटा किती? हे प्रश्न भावनेचे आहेत तसेच हिशेबाचेही आहेत. भावनेवर भाषणे पुष्कळ झाली. हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही.

दादाजींचा तांदूळ आणि शोधग्रामची वही

इथे कोणी म्हणेल, प्रश्न सोडवायला पदवी कशाला लागते? मुद्दा बिनतोड वाटतो, आणि त्याचे उत्तर याच मातीत मिळते.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेले. त्यांनी आपल्या तुकडाभर शेतात निवड करत करत धानाचे एक वाण तयार केले. घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले. आज महाराष्ट्रात आणि बाहेरही हा तांदूळ न खाल्लेले घर विरळा. दादाजींचा पुढे सत्कार झाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्ज’ मासिकाने त्यांची दखल घेतली. २०१८ साली ते गेले. पण तांदळाच्या नावावर गिरण्या आणि पेढ्या चालल्या, तेव्हा दादाजींची ओढाताण काही संपली नाही. त्यांनी बियाणे मोकळ्या हाताने वाटले. शेतकऱ्याच्या वाणाला हक्क देणारा कायदाच २००१ चा. तोवर वाण कधीच गावोगाव पोचले होते. संशोधन अस्सल होते. त्याच्या मागे कागद नव्हता, करार नव्हता, हक्काची मांडणी करणारे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीजवळच्या शोधग्रामचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये इथे आले. घरी जन्मणारी बाळे का दगावतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली आणि प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू वहीत नोंदवला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवणारा त्यांचा लेख १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. गडचिरोलीच्या वहीतली नोंद दिल्लीला नाकारता आली नाही, कारण तिच्यामागे पुरावा होता.

तिसरे उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगल त्यांच्याकडे आले. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. ज्या बांबूवर कागद गिरणीने दशकानुदशके पोट भरले, त्याचा भाव गाव ठरवू लागले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालत होता. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते बसत, कायदा वाचत, शंका काढत, आणि समजले तेवढ्यावर सर्वसहमतीने निर्णय घेत. गोंडपिपरी तालुक्यातले पाचगावही त्याच वाटेने गेले. ग्रामसभेला पॅन लागतो का, कर कोण भरणार, हिशेब कोण तपासणार, असे प्रश्न मग एकामागून एक येऊ लागले. हा व्यवस्थापनाचा नवाच वर्ग होता आणि त्यासाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक नव्हते.

या तिन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की डॉक्टरेटची खरी जागा कळते. चांगला प्रश्न पडायला पदवी लागत नाही. पण तो प्रश्न नीट मांडणे, त्याचा पुरावा गोळा करणे, तो पारखून घेणे आणि मंत्रालयाला, बँकेला, कंपनीला नाकारता येणार नाही अशा रूपात पुढे ठेवणे, याला शिस्त लागते. ती शिस्त म्हणजे पीएच.डी. दादाजींकडे प्रश्न होता, उत्तरही होते. त्याची मांडणी करणारे कोणी नव्हते. आपल्या अनेक प्रबंधांत मांडणी असते, आत प्रश्नच नसतो. ज्या मुलीला या दोन्हींची गाठ घालायची आहे तिने जरूर पुढे जावे.

निवड कशी करावी

म्हणून निवडीचा क्रम उलटा करायला हवा. आपण आधी विद्यापीठ शोधतो, मग मार्गदर्शक, आणि शेवटी त्यांनी दिलेला विषय घेतो. तसे न करता आधी प्रश्न ठरवावा. तो दोन वाक्यांत आजीला सांगता आला पाहिजे. मग त्या प्रश्नात रस असलेला मार्गदर्शक शोधावा. यासाठी आता सोय झाली आहे. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडून पाहावेत. सगळे एका साच्यातले असतील तर आपलाही त्याच साच्यात जाणार, हे समजून घ्यावे. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी चहा प्यावा आणि किती वर्षे लागली, हे विचारावे. संस्थेचे नाव त्यानंतर.

तेंदू, बांबू, ग्रामसभा, खाणगाव असा प्रश्न असेल तर गडचिरोलीचे विद्यापीठ जवळचे, कारण अभ्यासाचे क्षेत्र दारात आहे आणि आठवड्याला गावात जाता येते. विषय वित्तबाजाराचा किंवा मोठ्या कंपन्यांचा असेल, उत्तम आकडेशास्त्र शिकायचे असेल, तर आयआयएमची चाळणी पार करण्याचा प्रयत्न करावा. वीस वर्षे कारखान्यात किंवा बँकेत काढलेल्या अधिकाऱ्याला प्राध्यापक व्हायचे नसेल, आपल्याच कामाचा खोल विचार करायचा असेल, तर डीबीए हा मान्य पर्याय आहे. मात्र पदवी देणारी संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त आहे का, भारतात ती पदवी समकक्ष धरतात का, प्रबंध तपासायला बाहेरचे परीक्षक असतात का, हे लेखी विचारावे. उत्तर तोंडी आले तर तिथेच थांबावे.

जाहिरातींची वाट मात्र निसरडी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग आणि एआयसीटीई यांनी एकत्रितपणे जाहीर केले, की खासगी शिक्षण कंपन्यांनी परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून चालवलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. लाखांच्या घरातले शुल्क भरून, गहाण पडून अशी पदवी घेणाऱ्याला महाविद्यालयात ती दाखवता येत नाही. नावापुढे ‘डॉ.’ लागते ते लग्नपत्रिकेवर आणि गणेशोत्सवाच्या फलकावर. प्रबंध लिहून देणारेही बाजारात आहेत. त्यांच्या नादी लागणाऱ्याने २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम वाचावेत. प्रबंधातले ६० टक्क्यांहून अधिक लेखन दुसऱ्याचे निघाले तर नोंदणीच रद्द होते.

आता पुन्हा त्या जेवणाच्या पानावर येऊ. आईने न बोलून दाखवलेला हिशेब मुलीच्या वयाचा होता. पंचविसाव्या वर्षी नोंदणी, बत्तिसाव्या वर्षी पदवी. मग लग्न कधी? नियमांनी महिलांना दोन वर्षे अधिक दिली, रजा दिली. घराने काय द्यायचे, ते कोणत्याही राजपत्रात लिहिलेले नसते. एक खोली, दुपारची शांतता, गावात मुक्कामाला जाताना ‘एकटी कशाला’ असे न म्हणण्याचा समजूतदारपणा. यातले काही देता येणार नसेल तर आजच तसे सांगावे. चौथ्या वर्षी अर्धवट सुटलेला प्रबंध कर्जापेक्षा जड होतो.

आणि वडिलांनी मुलीला एकच प्रश्न विचारावा. ‘पुढे नोकरी कोणती?’ हा नव्हे. त्याचे उत्तर आज तिच्याकडेही नसणार. त्यांनी विचारावे, ‘तुला नेमके काय शोधायचे आहे?’ ती गप्प बसली तर तिला एक वर्ष थांबायला सांगावे. त्या वर्षात तिने मेच्या उन्हात तेंदूच्या एखाद्या संकलन केंद्रावर बसावे, ग्रामसभेची वही उघडून पाहावी, वडिलांबरोबर खाणीच्या फाटकापर्यंत जाऊन यावे. आणि तिने पानावरून हात न उचलता, घास तसाच ठेवून, अर्धा तास त्या प्रश्नाबद्दल सांगितले तर मग शुल्काची तजवीज करावी. आजीला दवाखाना दिसणार नाही, हे खरे. पण कुठल्या तरी गावाच्या दुखण्याची नाडी त्या मुलीच्या हाती लागलेली असेल.